देदेकेत ते

शनिवार, १२ नोव्हेंबर १९३२

तर ती आली! मालन. नव्या मुन्सफांची मुलगी. मुंबईच्या शाळेत लॅटिन घेतलेलं, मार्चात मॅट्रिक, आणि मध्येच वडिलांची बदली रत्नागिरीला. इथे सगळे संस्कृतवाले. लॅटिन येणारा माणूस गावात एकच — आमचे हे! कॉलेजात असताना कुणा पाद्र्यापाशी शिकलेले. मला इतक्या वर्षांत त्याचा पत्ता नव्हता.

आता रोज शाळा सुटली की आमच्या ओटीवर शिकवणी. पोरगी दिसायला बरी आहे. चपला मात्र नीट जुळवून ठेवते.

१६ नोव्हेंबर

माझ्याशी दिवसभरात 'पाणी दे' नि 'धोतर कुठे आहे'. तिच्याशी तासभर!

२ डिसेंबर

माजघराच्या दाराआड कुळीथ निवडत बसले होते. कुळीथ निवडून झाले तरी बसले. बसले तर बसले. घर माझं आहे.

आजचं क्रियापद 'देदेकेत'. म्हणजे शोभत नाही. हे सांगत होते, "ह्याला माणूस कर्ता चालत नाही. मी नाही, तू नाही. एखादी गोष्ट, एखादं वागणं हा कर्ता. आणि ते ज्याला शोभत नाही, तो बिचारा द्वितीयेत." मालन पुन्हा पुन्हा चुकली. सारखी चतुर्थी घालते. का, तर मराठीत 'मला शोभत नाही'. अगं, पण 'मला' हे द्वितीयेचंही रूप नि चतुर्थीचंही! तिथेच फसलीस. मला आत बसून कळलं, तिला समोर बसून कळेना.

आणि ह्यांनी काय म्हणावं? "छान चूक केलीस. डोकं चालवून केलेली आहे."

छान चूक! आमटीत मीठ जास्त पडलं तर ती चूक छान नसते. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

५ डिसेंबर

गोदूबाई पाणी भरायला आली ती हसतच. "काय ओ वैनी, मास्तरांनी त्या पोरीला काय घोकायला लावलानी? द्येद्येकेट, द्येद्येकेट! बेडूक वरडल्यासारखा!" मग घागर खाली ठेवून हळूच, "पन वैनी, येवढी मोठी पोर... लक्ष असू द्या हां."

मुन्सफांकडेही पाणी तीच भरते. म्हणजे तिथलं तिला ठाऊक असणार. मला काय ठाऊक असणार?

१९ डिसेंबर

जात्यावर बसले नि तोंडातून ओवीऐवजी 'देदेकेत' निघालं. स्वतःचाच राग आला. ती बया माझ्या जात्यावरही येऊन बसली!

१० जानेवारी १९३३

आज झालं ते झालं.

चहा घेऊन दारापर्यंत गेले. मालन ह्यांच्याकडे बघून, हसत, म्हणते काय — "देदेकेत ते!" पुन्हा, "ते... ते..." ह्यांच्या तोंडावर! 'ते' मी म्हणते. चारचौघांत नवऱ्याचं नाव घेता येत नाही म्हणून बायको म्हणते. हिचे ते कोण?

कप खाली आपटला. म्हटलं, "'ते' म्हणायला हे तुझे कोण लागतात गं? मुलीच्या जातीला शोभतं का हे? उद्यापासून इथे यायचं नाही!" गोदूबाई अंगणात होती. असू दे, म्हटलं.

मालन रडली नाही. पांढरी पडली, चपला घातल्या, गेली.

ह्यांनी पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "लॅटिनमध्ये 'ते' म्हणजे तुला. देदेकेत ते. तुला हे शोभत नाही."

अर्थ सांगत होते की मला सांगत होते, कळलं नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, "मग 'मला' कसं?"

"मे," म्हणाले. आणि माझ्याकडे बघतच राहिले.

२१ जानेवारी

मालन आली नाही. हे दोनदा मुन्सफांकडे जाऊन आले. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेले, तर बायका एकदम गप्प झाल्या. एकजण तिळगूळ देताना म्हणाली, "बरं केलंत हो, वेळेवर."

गोड लागला नाही तिळगूळ.

१९ फेब्रुवारी

मालन आईबरोबर अक्षत द्यायला आली. फाल्गुनात लग्न. खेडचे वकील आहेत, बिजवर. आई देवाला अक्षत ठेवायला आत गेली तेव्हा मी विचारलं, "आणि परीक्षा?"

"आता कसली परीक्षा, वहिनी? सरांनी बाबांना पुष्कळ समजावलं. बाबा म्हणाले, तुमच्याच बायकोनं भरदिवसा हाकललं, मी गावाला काय सांगू?" थांबली. "मला डॉक्टर व्हायचं होतं."

माझ्यावर रागावली असती तर बरं झालं असतं. वाकून नमस्कार करून गेली.

आता सुटले, असं वाटायला हवं होतं. ओटी मोकळी झाली. हे संध्याकाळी तिथे एकटेच बसतात.

२६ फेब्रुवारी

जेवता जेवता हे म्हणाले, "तुला शिकायचं होतं, तर मला सांगायचंस."

इतकी पानं मालनवर जळून काळी केली. शिकायचं होतं, असं मी इथेसुद्धा एकदाही लिहिलेलं नाही.