एक्केचाळीस चित्रपटांतले डॉक्टर

बरबँक, ९ ऑक्टोबर १९५८

आदरणीय हेस्टर आत्या,

नमस्कार. तुझा गुडघा आता कसा आहे? नेब्रास्कात थंडी सुरू झाली असेल, लोकरीचे मोजे घालतेस ना? (तुझ्यासारख्या नर्सला हे विचारणं आगाऊपणाचं आहे, हे कळतं. पण विचारलं नाही तर दिवसभर चुटपुट लागते.) इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. निदान हे वाक्य लिहिलं तेव्हा होतो.

गेले दहा दिवस मला एकच धास्ती होती, की बाबांच्या हातून समोरच्या लुंडक्विस्टबाई मरणार आणि पोलीस बाबांना घेऊन जाणार. तुला ठाऊकच आहे, बाबा एक्केचाळीस चित्रपटांत डॉक्टर झाले, बहुतेक घोडे-पिस्तुलांच्याच. आतल्या खोलीतून बाहेर यायचं, गुंडाळलेल्या बाह्या खाली करायच्या आणि म्हणायचं, "चोवीस तास काढले, की धोका टळला." त्यांचा चेहरा सगळ्यांच्या ओळखीचा, नाव कुणालाच ठाऊक नाही. दुकानात लोक टक लावून बघतात आणि आपण एकाच शाळेत होतो का, असं विचारतात. (एका गृहस्थाने तर त्यांना आपला मेहुणा समजून जुनं भांडण उकरून काढलं. बाबांनी माफीसुद्धा मागितली.) लुंडक्विस्टबाई ऑगस्टमध्ये समोर राहायला आल्या, बाबांना पाहून थबकल्या आणि म्हणाल्या, "तुम्हाला मी ओळखते. तुम्ही डॉक्टर ना?" तीस वर्षांत त्यांना ओळखण्याच्या इतकं जवळ कुणी पोचलं नव्हतं. बाबांना नाही म्हणवेना.

मग त्या रोज कुंपणापाशी येऊन पाय सुजतात, धाप लागते असं सांगू लागल्या, आणि बाबा त्यांची नाडी बघू लागले. (हातात घड्याळ नसताना.) मी म्हटलं, बाबा, हा गुन्हा आहे. तर म्हणाले, मी औषध कुठे देतो, मी फक्त धीर देतो. हे त्यांनी डॉक्टरच्या आवाजात सांगितलं, त्यामुळे मला तासभर पटलं. पण दहा दिवसांपूर्वी बाई त्यांना म्हणताना मी ऐकलं, की तुमच्याशी बोललं की हृदयाच्या गोळ्यांची गरजच वाटत नाही. तेव्हापासून माझ्या घशाखाली घास उतरेना.

मी उगाच घाबरते असं तू म्हणशील. पण आई गेल्यावर बाबांनी मला घरीच शिकवलं, तेही संवादांच्या कागदांवरून. स्टुडिओ त्यांना अख्खी कथा कधी देत नाही, त्यांच्या वाक्यांपुरती पानं देतो. मी वाचायला शिकले ती त्या पानांवर. रोगी पुढे जगला की गेला, हे एकाही पानावर नसे. विचारलं तर बाबा म्हणत, "ते मलाही कुणी सांगत नाही, बाळ." त्या एक्केचाळीस रोग्यांची काळजी मी अजून करते.

शेवटी काल माफीचं भाषण पाठ करून, सफरचंदाचा केक घेऊन मी बाईंकडे गेले. म्हटलं, माझे वडील डॉक्टर नाहीत, नट आहेत. त्या हसत सुटल्या.

"अगं पोरी, माझ्या घरी टीव्ही आहे. मी इथे राहायला आले त्याच आठवड्यात कळलं. गोळी लागलेल्या एका चोराला वाचवत होते."

हृदयाच्या गोळ्या त्या रोज घेतात. (डबी मी उघडून पाहिली. हा आगाऊपणाच, पण त्यांनीच पुढे केली.) मग बाबांना डॉक्टर का म्हणता, असं विचारलं. म्हणाल्या, "तशी हाक मारली की त्यांची पाठ ताठ होते. एरवी फार वाकलेली असते."

तेव्हा सगळं सुरळीत आहे. तू काही काळजी करू नकोस.

तुझी भाची,
थेल्मा

ता.क. बाई दारापर्यंत सोडायला आल्या, तेव्हाचं वर लिहिलं नाही. म्हणाल्या, "आता त्यांनाच खऱ्या डॉक्टरकडे ने. सकाळी टपाल काढताना डावा हात छातीशी धरून उभे होते. तोंड राखेसारखं झालं होतं." हे मी पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे.

आणखी ता.क. घरी येऊन बाबांना विचारलं. त्यांनी बाह्या खाली केल्या आणि म्हणाले, "थकवा आहे. चोवीस तास काढले, की धोका टळला." आत्या, मला इतकं बरं वाटलं की दहा दिवसांत पहिल्यांदा मी पोटभर जेवले. त्याचीच आता भीती वाटते. त्या आवाजापुढे माझं काही चालत नाही. तू त्यांची थोरली बहीण, आणि खरी नर्स. तू "ऑर्विल, गाडीत बस" म्हटलंस की ते बसतील. मिळेल त्या गाडीने निघ. (तारच करणार होते, पण दहा शब्दांत पाहिलेलं कोणतं आणि ऐकलेलं कोणतं, हे वेगळं करता येईना.) चोवीस तास आज पाच वाजता संपतात.

शेवटचा ता.क. मी पाकिटाला तिकीट लावत असताना बाबांनी विचारलं, कुणाला पत्र? तुला, म्हटलं. म्हणाले, "तिला लिही, मी ठणठणीत आहे." लिहिलं. पण हे बाबांचं वाक्य आहे, आणि पुढचं पान माझ्याकडे नाही.