जोडीतला एक रॅम्प

लिहून ठेवणार : सूर्यभान धोंडिबा पठाडे, वय एकाहत्तर, कंपनीतून निवृत्त फिटर, थोडीबहुत शेती, राहणार मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर.

हे मृत्युपत्र मी कुणाच्या दबावाखाली करत नाही. दबाव आणणारी माणसं घरात आहेत, पण त्यांचं मी आजवर कधी ऐकलेलं नाही, तेव्हा आताच ऐकलं असेल असा संशय कोर्टानं घेऊ नये. माझं डोकं ठिकाणावर आहे. बिघडलं आहे ते हृदय, आणि त्याचं ऑपरेशन येत्या सोमवारी आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचं काही कारण नाही. पण असं म्हणत त्यांनीच माझ्याकडून कागदांवर सह्या घेतल्या, म्हणून मीही एक कागद करून ठेवतो. यापूर्वी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही.

कलम १. मुकुंदवाडीचं दुमजली घर माझ्या स्वकष्टाच्या कमाईचं आहे. माझ्या पश्चात ते माझी पत्नी सारजाबाई हिला हयातभर मिळावं. तिच्यानंतर ऋतुराज आणि सत्यम या माझ्या दोन मुलांनी ते सामाईक वापरावं. परवा मी हॉलमध्ये डोळे मिटून पडलो होतो, तेव्हा हे दोघं टेप घेऊन मधली भिंत कुठून घालायची याचं माप घेत होते. मी झोपलो नव्हतो. घराला जिना एकच आहे आणि पाण्याची टाकी एकच आहे. भिंत घालायला माझी परवानगी नाही. का नाही, ते कलम ५ मध्ये येईल.

कलम २. बँकेतली सगळी शिल्लक सारजाबाईची. मुलांनी तिच्यापुढं परस्पर कागद सरकवू नयेत. ती आधी वाचते, मग भांडते, आणि शेवटी सही करत नाही.

कलम ३. हर्सूलच्या पलीकडं माझ्या वाट्याला आलेली शेती मुलगी तनुजा आणि दोन्ही मुलं अशा तिघांना सारखी. "ताईला लग्नात दिलं की," असं कुणी म्हणू नये. लग्नात फ्रिज दिला होता. फ्रिजवर सातबारा निघत नाही.

कलम ४. पान्यांची पेटी, वाइस, जॅक आणि ग्रीस गन सत्यमला, कारण नट कुठल्या बाजूला फिरवायचा एवढं तरी त्याला कळतं. जुनी कार ऋतुराजला. ती त्यानं खुशाल सर्व्हिसिंगला बाहेर द्यावी. गाडीखाली शिरून स्वतः ऑइल बदलणारा बाप त्याला कमीपणाचा वाटतो, हे मला ठाऊक आहे. माझी ड्रिल मशीन शेजारी राजकुमार यांच्याकडं आहे. ती त्यांची नाही. ते साक्षीदार म्हणून सही करणार आहेत, म्हणून त्यांच्या देखत लिहितो.

कलम ५. रॅम्प.

हा एक लोखंडी रॅम्प आहे. अंगणात भिंतीला टेकवून ठेवलेला असतो. सारजाबाई त्यावर सतरंज्या वाळत घालते. येणारा-जाणारा विचारतो, हे काय आहे? मी सांगतो, हा रॅम्प आहे. मग तो विचारतो, दुसरा कुठं आहे? हा प्रश्न मी इतकी वर्षं ऐकतो आहे की आता कुणी तोंड उघडलं तरी माझं डोकं फिरतं.

दुसरा हर्सूलला, माझा धाकटा भाऊ रामेश्वर याच्याकडं आहे.

वडील असताना आम्ही दोघांनी मिळून पॉवर टिलर, म्हणजे हातानं धरून चालवायचं नांगरणीचं यंत्र, आणि तो शेतोशेत न्यायला ट्रॉली घेतली होती. टिलर ट्रॉलीवर चढवायला चार माणसं लागायची आणि चारातला एक हमखास चेंगरायचा. म्हणून मी रॅम्पची जोडी केली. वेल्डिंग माझं, लोखंड धरायला रामेश्वर. वरच्या टोकाला आकडे, ते ट्रॉलीच्या काठाला अडकवायचे की टिलर आपल्या पायानं वर. आकडे काढून खाली टेकू लावला की त्याच जोडीवर कारची पुढची चाकं चढवता यायची, आणि मी खाली शिरून ऑइल बदलायचो. दोन्हींवर फळी टाकून आम्ही घरालाही रंग दिला. रुंदी बेताची, टायर मावेल एवढी. उगाच लोखंड घालवलं नाही.

मग वडील गेले आणि बन्सीमामा वाटणीला बसले. आमच्याकडं वाटणीला मामा बसतो, आणि मामाचा शब्द खाली पडत नाही. मामांनी जमीन निम्मी केली, विहिरीच्या पाळ्या लावल्या, भांडी मोजली. ट्रॉली रामेश्वरला, टिलर मला. शेवटी त्यांची नजर रॅम्पवर गेली. मामा म्हणाले, "दोन हायेत, दोघं हायेत. येक तुला, येक त्याला. चला, म्होरं."

बैलजोडी असती तर मामांनी फोडली नसती. बैलाची जोडी फोडू नये हे त्यांना पाळण्यापासून माहीत होतं. लोखंडाचीही जोडी असते, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. अख्खी बैठक माना डोलवत होती. मी बोललो असतो तर रामेश्वरला वाटलं असतं, दादाला दोन्ही पाहिजेत. तो बोलला असता तर मला तसंच वाटलं असतं. म्हणून दोघंही शहाण्यासारखे गप्प बसलो. संध्याकाळी त्यानं एक खांद्यावर टाकला, मी एक टाकला. त्याच्याकडं ट्रॉली, पण चढवायला काही नाही. माझ्याकडं टिलर, पण चढवायला ट्रॉली नाही. लोक म्हणतात पठाडे बंधूंचं भांडण झालं. भांडण झालंच नाही हो! झालं असतं तर निदान मिटवायला कुणी आलं असतं.

एकदा मी एका बाजूला रॅम्प आणि दुसऱ्या बाजूला विटा रचून गाडी चढवली. विटांचा भुगा झाला आणि गाडी एका कुशीवर कलली. मी अजून खाली शिरलो नव्हतो, म्हणून आज हे लिहितो आहे. मुलांनी हा प्रयोग करू नये. गाडी चढवायची तर सारखे दोन रॅम्प, सपाट जमीन, हँडब्रेक आणि मागच्या चाकांना दगड.

त्यानंतर मी सत्यमला हर्सूलला पाठवलं, की काकांचा रॅम्प तासभर मागून आण. काकांनी निरोप दिला : "आत्ता देता येत नाय, वापरात हाय." पुढच्या वर्षी पाठवलं, तरी तेच. मी विचारतो, एकटा रॅम्प वापरात कसा असेल? एका रॅम्पवर काय चढतं? मला नाही म्हणायचं होतं तर सरळ नाही म्हणायचं. हा अपमान मला ऑपरेशनपेक्षा जास्त लागला आहे.

तेव्हा माझा रॅम्प मी माझ्या पश्चात रामेश्वर धोंडिबा पठाडे यास देतो. प्रेमानं नव्हे. त्याच्याकडं एकदा जोडी पुरी होऊ दे. मग दोन्ही ट्रॉलीला लावून त्यानं बघावं, दुसऱ्या बाजूनं धरायला कुणी आहे का. तेव्हा त्याला माझी आठवण येईल, आणि ती यावी अशी माझी इच्छा आहे.

खरं तर त्याला साक्षीदार म्हणून बोलवायचं माझ्या मनात होतं. ऑपरेशनच्या आधी त्यानं एकदा घरात यावं, चहा घ्यावा, बाकी काही नाही. पण आमचे वकील अभय गोर्डे म्हणाले, "ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं, त्याची साक्षीदार म्हणून सही घेऊ नये. उद्या कुणीतरी बोट ठेवील. एक तर रॅम्प द्या, नाहीतर भावाला बोलवा." कायदाही मामांच्याच घरातला दिसतो. मी रॅम्प देणं पसंत केलं.

पुरवणी.

वरचं सगळं टाइप झालेलं आहे. यापुढचं मी हातानं लिहितो. वकीलसाहेब नव्यानं टाइप करून आणतो म्हणत होते. मी नको म्हणालो.

आज सह्यांसाठी वकील आणि राजकुमार घरी जमले होते. सत्यमनं मला न विचारता काकाला फोन करून ऑपरेशनचं आणि रॅम्पचं सांगितलं होतं. रामेश्वर टेम्पो घेऊन आला आणि फाटकातच उभा राहिला. आत ये म्हटलं तर येईना.

"दादा, तुझा रॅम्प पायजे."

"मी मेल्यावर मिळंल. लिवलंय तसं."

"सोमवारी तुला काय बी व्हनार नाय. तू लई चिवट हायेस. मंग म्या किती वरीस थांबू?"

"इतकी वर्सं थांबलास की."

"म्या थांबलो रं. म्हाळसा कशी थांबंल?"

म्हाळसाबाई ही त्याची बायको, माझी धाकटी भावजय. तिला लकव्याचा झटका आला तेव्हा मी दवाखान्यात जाऊन आलो होतो. ती घरी आल्यावर बघायला जायचंच होतं, तेवढ्यात त्यानं रॅम्पला नाही म्हटलं, म्हणून मी गेलो नाही. ती चाकाच्या खुर्चीत असते, एवढंच मला माहीत होतं. त्याच्या घराचा ओटा उंच आहे, हे मला आठवायला हवं होतं असं सगळे आता म्हणतात.

"ओट्यावरून अंगणात न्यायची तर रॅम्प लावतो," रामेश्वर म्हणाला. "खुर्चीच्या एका चाकाखाली माझ्या वाट्याचा रॅम्प, दुसऱ्या चाकाखाली म्या. रोज हातानं उचलून धरतो. आता माझ्या कमरंनं बी जवाब दिलाय."

"आरं, मग फळी टाकायची!"

"टाकली व्हती. फळी घसरली. तवापासून ती भ्याली. म्हनती, मोठ्या भाऊजींनी केलेल्या लोखंडावरूनच न्या, न्हाय तर हितंच ऱ्हाऊ द्या."

एकटा रॅम्प वापरात कसा असतो, ते मला असं कळलं.

मी सारजाबाईकडं पाहिलं. ती महिन्या-दोन महिन्यांनी हर्सूलला जाऊन येते. तिला सगळं ठाऊक होतं. ती म्हणाली, "म्या सांगाया तोंड उघडलं, की तुमी ताटावरून उठायचे." हे साफ खोटं आहे. मी एकदाच उठलो होतो, आणि त्या दिवशी भाजीही खारट होती.

मला भयंकर राग आला. मामांचा आला, रामेश्वरचा आला, माझा आला. जी वस्तू एका टेम्पोच्या फेरीचं काम होती, तिच्यासाठी एक माणूस रोज कंबर मोडत होता आणि मी सतरंज्या वाळवत होतो.

मला वजन उचलायची मनाई आहे. सत्यम आणि ऋतुराजनं रॅम्प टेम्पोत चढवला आणि मी पुढं बसलो. वकील आणि राजकुमारही आले, कारण सह्या राहिल्या होत्या. हर्सूलला दोन्ही रॅम्प ओट्याला लावले. आकडे अजून बरोबर बसतात. रामेश्वरनं खुर्ची मागून धरली आणि म्हाळसाबाई सावकाश खाली अंगणात आली. तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि जड जिभेनं म्हणाली, "आता वर न्या. खाली ऊन लई हाय."

रामेश्वर हसला. मी हसलो नाही, मला रडू आलं. मुलांनी ते पाहिलं आहे, तेव्हा मुकुंदवाडीच्या घरात भिंत घालायचा विषय पुन्हा काढू नये.

सबब, कलम ५ रद्द. ज्या वस्तूबद्दल ते कलम होतं, ती माझ्या हयातीतच दिली गेली आहे आणि आता माझ्या मालकीची राहिलेली नाही. मेल्यावर देण्यासारखं ते काम नव्हतं. वाया गेलेल्या वर्षांचा संताप मात्र मी कुणाच्याही नावे करत नाही. तो माझ्यासोबत सोमवारी ऑपरेशनला येईल.

वकीलसाहेबांना विचारून घेतलं. आता अडचण नाही म्हणतात.

ठिकाण : हर्सूल, छत्रपती संभाजीनगर (टाइप केलेलं मुकुंदवाडी खोडलं आहे, सही केली आहे)
दिनांक : १८ नोव्हेंबर २०२५

लिहून ठेवणार : सूर्यभान धोंडिबा पठाडे (सही)

आम्ही दोघांनी वरील इसमास आमच्यासमोर सही करताना पाहिलं. तो शुद्धीवर होता, आणि चिडलेला होता.

साक्षीदार १ : राजकुमार (सही), शेजारी. ड्रिल मशीन उद्या परत करतो.

साक्षीदार २ : रामेश्वर धोंडिबा पठाडे (सही), राहणार हर्सूल. लिहून ठेवणाऱ्याचा सख्खा भाऊ. या मृत्युपत्रातून मला काहीही मिळत नाही.