नांगर वर न आल्याबद्दल

झाशी, गुरुवार

ती. मृदुलावन्संना वसुंधराचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? जिना उतरताना कठड्याला धरता ना? इकडे सगळे मजेत आहोत असं लिहायची रीत आहे. प्रकृतीपुरतं ते खरंही आहे. अण्णांचं ब्लडप्रेशर ताब्यात आहे, तुमची भाची इरा कॉलेजला जाते, आणि मी मराठीत ओरडले की हिंदीत उत्तर देते. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण या रेल्वे क्वार्टरच्या कुठल्याही कोपऱ्यातून फोन केला तरी तो अण्णांना ऐकू जातो. शिवाय तुम्ही पहिलं वाक्य ऐकूनच निकाल देता (राग मानू नका, अण्णाही तसेच, लेक त्यांचीच तुम्ही). पत्र निदान शेवटपर्यंत वाचाल.

गेल्या हिवाळ्यात बेतवा नदीच्या धरणात नांगर ओढताना अण्णांची पाठ धरली आणि कोळ्यांनी त्यांना होडीसकट काठाला आणलं, तेव्हा तुम्ही अट घातलीत. यंदा अण्णांना एकट्याने नांगर वर काढता आला तर त्यांची शिडाची होडी राहील, नाही तर एरच गावच्या मंगल कार्यालयवाल्यांना विकायची. (त्यांना ती दारात ठेवून नवरानवरीचे फोटो काढायचेत. शीड गुलाबी करणार आहेत.) अट मला रास्त वाटली, अजून वाटते. म्हणूनच विजेवर नांगर ओढणारं विंच बसवू या, असं मी सुचवलं. तिथून पुढे जे झालं त्याची रुखरुख काही जात नाही.

आधी बडा बाजारात विचारलं. दुकानदार म्हणाला, "दीदी, जीप कौन सी है?" जीप नाही, होडी आहे म्हटल्यावर त्याने आतल्या भावाला हाक मारली, "भैया, बाहर आओ, झाँसी में समुद्र आ गया है!" त्याच्याकडे चिखलात रुतलेली जीप ओढणारं विंच होतं. अण्णांनी ते उचलून पाहिलं आणि हे होडीलाच खाली नेईल म्हणून परत ठेवलं. मग होडीचंच विंच मागवायचं ठरलं, आणि रोजचं जेवण लांबायला लागलं. विंच उभं घ्यायचं की आडवं? चाकाचे दात आपल्या साखळीच्या कड्यांत बसतील का? अण्णांनी माझ्या शिवणाच्या टेपने कडी मोजली आणि टेपला गंज लावून परत दिली. इरा इंग्रजी माहितीपत्रक हिंदीत सांगायची, मी ते मराठीत सांगायची, आणि अण्णा रेल्वेच्या भाषेत उत्तर द्यायचे. वन्सं, आई गेल्यापासून ते जेवणाच्या पाटावर एवढा वेळ बसलेच नव्हते. भात गार होऊन जायचा आणि कोणाला कळायचंही नाही.

विंच आलं, चांगलं निघालं. घोळ वायरिंगमध्ये झाला. अण्णा जन्मभर मेलगाडीचे गार्ड. गार्ड पुढे बसत नाही, शेवटच्या डब्यात बसतो, तिथूनच गाडी सुटते आणि तिथूनच थांबते. म्हणून विंच होडीच्या नाकाशी, पण बॅटरी आणि बटण पार मागे, त्यांच्या जागेजवळ. आता एवढ्या लांब जायला जाड वायर लागते. बारा व्होल्ट म्हणजे दाब कमी, म्हणून करंट भरमसाट, असं माहितीपत्रकात लिहिलं होतं आणि मी ते मोठ्याने वाचूनही दाखवलं. पण तुमचा भाऊ विद्याधर रेल्वेच्या पंचवीस हजार व्होल्टच्या तारांखाली काम करणारा. बारा व्होल्ट ऐकून तो हसला. "अगं, याने मुंगीसुद्धा मरणार नाही," म्हणाला आणि कूलरची उरलेली बारीक वायर टाकून मोकळा झाला. अण्णांनीही मान डोलावली. (एक गार्ड, एक तारवाला. मी तर नुसती वाचणारी.) मी गप्प बसले. बसायला नको होतं.

रविवारी सगळे गेलो. अण्णांनी बटण दाबलं, नांगर झोकात खाली गेला. इराने टाळ्या वाजवल्या. पुऱ्या-बटाटा खाल्ला. निघताना अण्णांनी खिशातून जुनी शिट्टी काढून वाजवली आणि दुसरं बटण दाबलं. विंच कण्हलं, साखळी जराशी हलली, आणि वायरचं प्लास्टिक जळल्याचा वास यायला लागला. विद्याधरने बॅटरी सोडवली. अण्णा उठले, "सरका, मी हाताने काढतो," म्हणत पुढे निघाले. आणि विद्याधर घाबरून, खरंच नुसता घाबरून, ओरडला, "तुम्ही बसा हो एका जागी!"

अण्णा बसले. वन्सं, ते ज्या तऱ्हेने बसले ते मला लिहिता येत नाही. नांगर आम्ही दोघांनी ओढून काढला, चिखलाने माखलो, एरवी हसलो असतो.  दुसऱ्या दिवशी चहा घेताना अण्णा म्हणाले, "मृदुलाला कळव. होडी देऊन टाका म्हणावं."

तर कळवते आहे. विंच चाललं नाही, अट पुरी झाली नाही. तुमच्या घरच्या सर्वांना यथायोग्य सांगावे.

तुमची,
वसुंधरा

ता.क. विद्याधर कोणाला काही न बोलता बोटाएवढी जाड वायर घेऊन आला आहे. बॅटरी पुढे विंचजवळ नेणार, बटण मात्र मागेच ठेवणार म्हणतो. माफी मागणं काही त्याला जमत नाही, हे तुम्हाला माझ्याआधीपासून माहीत आहे.

ता.क. २. खरं म्हणजे एवढ्याचसाठी लिहायला बसले: एरचवाल्यांना तूर्त नाही म्हणा. आणि अण्णांचा फोन आला तर सांगा, की मला होडीत बसायचंय, मी येईपर्यंत विकू नका. आमचं ते ऐकणार नाहीत, तुम्हाला नाही म्हणणार नाहीत. तुम्हाला पाण्याची भीती वाटते ते ठाऊक आहे. खोटंच सांगा.

ता.क. ३. आत्ता अण्णा मागे येऊन उभे राहिले. काय लिहितेस? मी कागदावर हात ठेवला आणि म्हटलं, वन्संना मिरचीच्या लोणच्याची कृती विचारते आहे. त्यांनी माझ्या हाताखालच्या कागदाकडे पाहिलं. मग जाता जाता म्हणाले, "तिला लिही, डिसेंबरात वारा चांगला असतो." म्हणून लिहिलं.