मांडीवरचा श्वास

नाशिक, १९ जानेवारी २०२५

चि. मीना हीस,

अनेक आशीर्वाद. वादविवाद वगळता बाकी सर्व क्षेम असेलच. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस; कागदाला मध्येच तोडता येत नाही, म्हणून हे पत्र तुझ्या वहिनीच्या हाती पाठवतोय.

परवाचा तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. निफाडची थंडी, द्राक्षांचे भाव, जावईबापूंचा आळस, सगळं पोचलं. "सायली मांडीवर झोपलीय, म्हणून हळू बोलतेय," असंही म्हणालीस. तेवढ्यात तुझी वहिनी, अंजली, स्वयंपाकघरातून बाहेर आली. "अहो, आबांचं रेकॉर्डिंग कुठे सापडलं?"

आबांचं रेकॉर्डिंग कुणाकडेच नाही, हे तुला ठाऊक आहे.

मी पुन्हा लावलं. तुझ्या शब्दांखालून श्वास येत होता. दोन लांब, एक आखूड, मग बारीक शीळ. छंदशास्त्रात याला त-गण म्हणतात. आपल्या वडिलांचा दमासुद्धा वृत्तात होता! तुझं बोलणं थांबलं तरी तो चालूच. आबा गेले तेव्हा सायली जन्मलीही नव्हती, मीना. तिला ही लय कुणी शिकवली?

गेल्या महिन्यात मला माझा दम्याचा निळा पंप पुरेना, तेव्हा डॉक्टरांनी रक्त तपासलं. म्हणाले, ते औषध श्वासनळीत जिथे चिकटतं ती जागाच काहींच्यात जन्मतः थोडी वेगळी असते. अशांना नुसत्या त्या पंपावर भागत नाही. सूज उतरवणारं दुसरं औषध लागतं.

"हे आईवडिलांकडून येतं. घरात आणखी कुणाला दमा आहे?"

"होता," मी म्हटलं.

तू अजून म्हणतेस, आबांनी हट्टाने पंप घेतला नाही. घेत होते गं. मी समोर बसलो होतो. दर वेळी ओढून झालं की माझ्याकडे असे बघायचे, जणू आत औषध नाहीच. होतं. नंतर मी हवेत दाबून पाहिला.

सायली पंप घेऊनही "बरं नाही वाटत" म्हणते, तेव्हा तू तिला "नीट ओढ" म्हणून दटावतेस. ती नीटच ओढते.

तिचा पंप बंद करू नकोस, पण त्याच्यावर विसंबूही नकोस. वहिनी गाडी घेऊन दारात आहे. पोरीला स्वेटर घाल आणि तशीच नीघ. पंचवटीत घरी नाही, हॉस्पिटलात यायचंय. मी कालपासून इथेच आहे. फोनवर तू वाक्य तोडतेस ही थाप. सध्या तीन शब्दांपुढे माझा दम जात नाही.

डॉक्टरांना सायलीचं सांगून ठेवलंय. भांडायचं ते इथे येऊन भांड. मी नुसती मान हलवीन.

वाट पाहणारा,
दादा