अण्णांनी सोडलेला इंच

रविवार, संध्याकाळ

नवी सायकल आज येलहंक्यापर्यंत नेली. इतकी हलकी की थांबावंसंच वाटेना. फक्त हँडल इंचभर लांब पडतं. खास माझ्या मापाची बनवून घेतली, तरी? मापं माझ्या वडिलांनी, अण्णांनी, हट्टाने आपल्या शिंपीकामाच्या टेपने घेतली होती. त्यांना सांगू कसं?

दारातच विचारलं त्यांनी, "बसली ना नीट?"

"अगदी मापात, अण्णा."

"खोटं. पाठ ओढली जातेय." मग ओशाळून म्हणाले, "इंचभर मीच जास्त धरला गं. तुझ्या सगळ्या फ्रॉकांना वाढत्या अंगासाठी सोडायचो तसा."

"चोवीस वर्षांची आहे मी!"

"सरी, बरं बाई. हँडल आखूड करून घे."

घेईन. पण इतक्यात नाही. तो इंच उसवत उसवतच तर मी घरातली पहिली पदवीधर झाले.