चौदाव्या धड्यातून कापलेलं

नांदेड,
शुक्रवार, १७ जानेवारी २०२५

ती. स्व. श्रीमंतदादास,
सिंधूचा साष्टांग नमस्कार.

इकडं सगळं ठीक. तिकडं ठीक नाही हे माहीत आहे, म्हणून खुशाली कळव असं लिहीत नाही. तू माझा फोन उचलत नाहीस, नंबर बंद करून ठेवलास. संक्रांतीला पाठवलेला तिळगुळाचा डबा वहिनीनं झाकणसुद्धा न उघडता परत पाठवला. तुझी ऋतुजा बिचारी तो डबा घेऊन इथल्या हॉस्टेलवरून माझ्या दारात आली आणि उभ्या उभ्या म्हणाली, "आत्या, मला मधी घालू नका तुमच्या." तरी हे पत्र तिच्याच हाती देते आहे. उद्या ती लातूरला येते. फाडायचं तर फाड, पण वाचून फाड.

आधी माझा राग ऐकून घे. हो, मलाही आहे. तू सगळ्या गल्लीत सांगत फिरतोस की बहिणीनं मला कंपनीला विकलं. अकरा वर्षं कंपनीत प्रेस मशीन चालवलीस, एका कागदावर तुला घरी बसवलं, आणि त्या सिद्धलिंग सुपरवायझरला तू एक शब्द बोलला नाहीस. प्लांटच्या त्या परदेशी मार्टिन साहेबापुढं मान खाली घालून उभा राहिलास. तोंड सुटलं ते माझ्यावर. घरच्या माणसावर ओरडायला काय लागतं?

माझं काम काय, हे तुला मी कधी नीट सांगितलंच नाही. 'साहेब लोकांना शिकवते' एवढंच तुला ठाऊक. पुण्याची एक संस्था बाहेरच्या कंपन्यांच्या माणसांना भाषा शिकवते. ज्या कंपनीला जशी लागेल तशी, शिंप्याकडं माप दिल्यासारखी. तुझ्या कंपनीला हवी होती प्लांटमधली मराठी. परदेशातून, चेन्नईतून, कुठून कुठून आलेल्या अकरा साहेबांना कामगारांचं बोलणं कळायला पाहिजे, असं त्यांनी लिहून दिलं होतं. संस्थेनं ते काम माझ्या गळ्यात घातलं, कारण मी इकडची.

पुण्याच्या मॅडमनी पुस्तिका पाठवली. पहिलंच वाक्य होतं, "कृपया आपण हे यंत्र थोडा वेळ बंद कराल का?" लातूरच्या एमआयडीसीत असं कोण बोलतं रे? मी पुस्तिका बाजूला ठेवली आणि नव्यानं धडे लिहिले. 'मशीन बंद कर की.' 'लई गरम होऊन राहिली.' 'आज दोघं आले न्हाईत.' कॉलेजात तासावर शिकवत होते तेव्हा पोरं माझ्या बोलण्याला गावठी म्हणून हसायची. आणि इथं तो सहा फुटी मार्टिन आपल्या गावची, इस्लापूरची बोली वहीत उतरून घेत होता. दादा, मला फार बरं वाटायचं. शनिवारी सकाळची लातूरची एसटी पकडताना मी मनातल्या मनात गाणं म्हणायची, हेही लिहून टाकते.

ऐकण्याच्या सरावाला खरं बोलणं लागतं. ते मी तुझ्या अंगणात मिळवलं. दसऱ्यानंतरचा रविवार होता, मटणाचं जेवण झालं होतं, तू आणि तुझ्यासोबत प्रेसवर काम करणारा जिलानी बाजेवर बसून प्लांटच्या गमती सांगत होता. रेकॉर्डिंग लावलेला माझा मोबाइल तुमच्या समोरच होता. लपवून काही केलेलं नाही.

असं मी ऋतुजाला सांगितलं, जिलानीला सांगितलं, पुण्याच्या मॅडमनाही सांगितलं. मोबाइल समोर होता हे खरं आहे. पण पालथा होता. तुला दिसलं नाही आणि मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू छाती पुढं काढून वर्तमानपत्रातल्यासारखं बोलला असतास, आणि तसलं बोलणं मला नको होतं.

तू काय बोललास ते आता सगळ्या कंपनीला पाठ आहे. प्रेसपुढं हात आडवा आला की मशीन आपोआप थांबते, थांबली की टार्गेट बोंबलतं. "मग काय, लावली चिकटपट्टी त्या सेन्सरला. आता हात घाला न्हाईतर पाय, मशीन काही थांबत न्हाई." आणि मग तू हसलास. वाक्य पुरं व्हायच्या आत हसायची तुझी सवय लहानपणापासूनची. धड्यासाठी मी त्यातून तुझं नाव काढून टाकलं, जिलानीचं काढलं, मशीनचा नंबर काढला. हसणं तसंच राहिलं. मार्टिन साहेब रोज सकाळी त्या प्रेसच्या रांगेतून फिरतो, त्यानं ते हसणं ओळखलं.

धड्याला मी नाव दिलं होतं 'चहाची सुट्टी'. धडा चौदावा, डिसेंबरातला शनिवार. ऐका आणि काय घडलं ते आपल्या शब्दांत सांगा, असा सराव होता. बाकीचे चाचपडत होते. मार्टिन उभा राहिला आणि एकाही ठिकाणी न अडखळता म्हणाला, "हा माणूस सेन्सरला पट्टी लावतो. हात मध्ये गेला तरी मशीन थांबत नाही. आणि तो हसतो." मी त्याला दहापैकी दहा दिले. सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या, दादा. पुढच्या गुरुवारी तुला निलंबनाचा कागद मिळाला.

मी त्याच्या केबिनमध्ये जाऊन भांडले. शिकवणीत ऐकलेलं शिकवणीतच ठेवायचं असतं, हे तुमच्या देशात कुणी शिकवत नाही का, असं तोंडावर विचारलं. तो शांतपणे म्हणाला, "बाई, त्याचा हात गेला असता तर?" शुद्ध मराठीत. मीच शिकवलेल्या.

दादा, तो प्रश्न मला पडायला पाहिजे होता. मी ते वाक्य किती वेळा ऐकलं असेल! उच्चार स्पष्ट आहे का, मागं कोंबडी ओरडते ती काढू का, 'न्हाई' नीट ऐकू येतं का. तासन् तास कानाला लावून बसले. धडा झकास जमला म्हणून स्वतःवर खूश झाले. तुझा हात मला एकदाही दिसला नाही. सख्खा भाऊ उघड्या प्रेसमध्ये हात घालतो म्हणून सांगत होता आणि मी त्याचे उच्चार तपासत होते. विकलं म्हणतोस ते सोड. तुला रागवायचं असेल तर याच्यासाठी रागव.

आणि तुझाही मला राग आहे. पट्टी का लावलीस? घरात दोन पोरी आहेत. टार्गेट काय आपल्या बापाचं होतं?

आता जे लिहायचं टाळत इथवर आले ते लिहिते.

सोमवारी अकरा वाजता तुझी चौकशी आहे. कंपनीनं मलाही बोलावलंय. धड्यातलं रेकॉर्डिंग खरं आहे, त्याखाली लिहिलेला मजकूर आणि त्याचं इंग्रजी बरोबर आहे, एवढं सांगून सही करायची. पुण्याच्या मॅडमचा निरोप आहे, "सही करा, कंपनी मोठी आहे, पुढची बॅच तुम्हालाच." मजकूर बरोबरच आहे. पण पुरा नाही.

तुझ्या हसण्यानंतर अजून सतरा सेकंद आहेत. तू सिद्धलिंगच्या नावानं एक सणसणीत शिवी दिलीस, आणि म्हणालास, "मी का माझ्या मनानं लावली? त्यानंच पट्टीचा रोल हातात दिला. लाव म्हणे, वरून सांगितलंय, न्हाईतर उद्यापासून गेटवर उभा राह्य." मागून जिलानी बोलला, "हाव, मला बी त्यानंच दिला."

ते सतरा सेकंद मी कापले. साहेबांपुढं शिवी नको म्हणून. मॅडम म्हणाल्या होत्या, धडे स्वच्छ ठेवा. शिवीच्या आधी कापलं आणि पुढचं सगळं तिच्यासोबत गेलं. तुला वाचवणारं बोलणं मी स्वच्छतेपायी टाकून दिलं. सिद्धलिंग सोमवारी चौकशीच्या टेबलापलीकडं बसून तुझ्या विरुद्ध जबाब देणार आहे, तो त्या कापलेल्या सतरा सेकंदांच्या जोरावर. तू खरं सांगितलंस तर ते पुरावा मागतील. पुरावा माझ्या मोबाइलमध्ये आहे. मूळ रेकॉर्डिंग मी पुसलेलं नाही.

मंगळवारी जिलानी इथं नांदेडात, देगलूर नाक्याला सासऱ्यांकडं आला होता. मी तिथं जाऊन त्याला सगळं ऐकवलं आणि विचारलं, कारण त्यात तोही अडकतो. त्यानं ते पुन्हा एकदा लावायला सांगितलं. मग म्हणाला, "पूरा बजाव सिंधूताई. मेरा नाम आया तो आने दो. पन श्रीमंतभाई को पैले पूछो. पिछली बार नै पूछे."

म्हणून विचारते. तुझा आवाज आहे, तुझी शिवी आहे, पट्टी तू लावलीस तेही त्यात आहे. ऐकवलं तर तू निर्दोष ठरणार नाहीस, पण एकटा दोषी राहणार नाहीस. रविवारी संध्याकाळी ऋतुजा परत येईल, तिच्याजवळ एका शब्दाचा निरोप दे. हाव म्हणालास तर सोमवारी सगळ्यांसमोर पुरं ऐकवीन. न्हाई म्हणालास तर मोबाइल उघडणार नाही. तरी चौकशीला मी येणारच, सही करणार नाही, आणि धडा मी कापला होता हे माझ्या तोंडानं सांगीन. त्याला तुझी परवानगी लागत नाही.

माझी बॅच जाईल. जाऊ दे. वहिनीला सांग, डब्यातला तिळगूळ आता दगड झालाय, गोड बोला म्हणायची आपल्या दोघांचीही लायकी नाही. पण ऋतुजाच्या पिशवीत पुन्हा घातलाय. तिला तरी खाऊ द्या.

या वेळी विचारून वागणारी,
तुझी धाकटी,
सिंधू

ता. क. : हाव म्हणालास तर शिवीसकट ऐकवणार आहे. एक अक्षर कापणार नाही.