२७०० वॉटचा अलार्म

३ नोव्हेंबर, फाब्रियानो
बायको, एर्सिलिआ, घर सोडून गेली त्याला आठ दिवस झाले. आमचं भांडण मुळात इलेक्ट्रिकल होतं. घराला विजेची मंजुरी तीन किलोवॉटची. ती रविवारी ओव्हन आणि वॉशिंग मशीन एकदम लावते, तळघरातला मेन स्विच पडतो, माझी मॅच जाते. मी एवढंच म्हणालो, चाळीस वर्षं झाली तरी तुला दोन आकड्यांची बेरीज जमत नाही. स्विच वर करायला नेहमीप्रमाणे ती खाली गेली. मॅच सुरू झाली. ती वर आलीच नाही. थेट आंकोनाला, मुलीकडे. हवापालट असावा. लझान्या मी एकट्यानं संपवली. छान झाली होती.
निश्चय: अलार्मवाला मीटर बसवणे. भांडणाचं मूळच जाईल.

५ नोव्हेंबर
दुइलिओ इलेक्ट्रिशियननं मीटर बसवला. सेटिंग मी स्वतः केलं. वापर आठ सेकंद सलग २७०० वॉटच्या वर राहिला तर अलार्म, २४०० च्या खाली आला की गप्प. दोन फोनवर मेसेजही जातो. दुसरा नंबर एर्सिलिआचा टाकला. परत आल्यावर लागेलच. दुइलिओ म्हणाला, नाझारेनो, लेका, एकट्याच्या घरात २७०० होणार कधी? त्याला दूरदृष्टी नाही.

९ नोव्हेंबर
एकदाही वाजला नाही. फ्रिज ९०, टीव्ही ७०. यंत्रणा निर्दोष. घर फारच शांत.

१० नोव्हेंबर, सकाळी ११
चाचणी. रिकामा ओव्हन, रिकामं मशीन, इस्त्री. वाजला! आवाज गोड आहे. ऐकत उभा राहिलो, तेवढ्यात स्विच पडला. खाली जाऊन वर आलो. छप्पन्न पायऱ्या. एर्सिलिआचा गुडघा का दुखतो ते कळत नाही. डॉक्टरला दाखव म्हणून सांगायला हवं.
दुपारी तिचा मेसेज: घरी कोणी आलंय का? मत्सर. लक्षण उत्तम.

१३ नोव्हेंबर
मर्यादा २००० केली. इस्त्रीला अलार्म होत नाही. तिचाही मेसेज नाही.

१५ नोव्हेंबर
मर्यादा ८०. आता फ्रिज सुरू झाला तरी मेसेज जातो. दिवसाला तीसेक. संपर्क नियमित आहे.

१८ नोव्हेंबर
मुलीचा, मिरेल्लाचा फोन. म्हणाली, बाबा, आईचा फोन सारखा वाजतोय, तिचा नंबर काढा बघू. म्हटलं, तिनं स्वतः सांगावं. मागून एर्सिलिआचा आवाज आला, त्या माणसाला म्हणावं काढ. थेट बोलणं नव्हे, पण सुरुवात झाली.

२३ नोव्हेंबर, रविवार
एर्सिलिआचा फोन. स्वतःचा. मी आधी टीव्ही बंद केला. म्हणाली, मिरेल्लाच्या शेजारचं घर भाड्यानं घेतलंय. लिफ्ट आहे. वीज सहा किलोवॉटची घेतली. मी म्हटलं, एकट्या बाईला सहा किलोवॉट कशाला? ती म्हणाली, ओव्हन लावलाय, मशीन चालू आहे, मी केस वाळवतेय, आणि नाझारेनो, कोणी काही बोलत नाहीये. हे ती रागानं म्हणाली नाही. रागानं म्हणाली असती तर बरं वाटलं असतं.
तिची फार आठवण येते, हे म्हणायचं राहिलं. इथे लिहून ठेवतो.
तिचा नंबर काढला. मीटर दुसऱ्या नंबरची जागा रिकामी सोडू देत नाही. तिथेही माझाच टाकला. आता फ्रिज सुरू झाला की मला दोन मेसेज येतात.